संध्याकाळच्या भोंग्याबाबत

प्रति,
मा. वारसा व परिसर अधिकारी,
नगर कार्यालय, दुसरा मजला,
जिन्यालगतची खोली (दार बंद असते, पंखा चालू असतो).

विषय : जुन्या दोऱ्याच्या कारखान्याच्या इमारतीवरील संध्याकाळचा भोंगा पुन्हा सुरू करण्याबाबत, आणि तेवढे आपल्याच्याने होत नसल्यास, आपण स्वतः दिलेला तोंडी आदेश मागे घेण्याबाबत.

संदर्भ : १) सकाळच्या भोंग्यास मंजुरी देणारे आपले पत्र. २) संध्याकाळच्या भोंग्यास मनाई करणारे आपले पत्र (दोन्ही पत्रांवर तारीख एक, सही एक). ३) माझे यापूर्वीचे अर्ज, जे आपल्या टेबलावर चहाच्या कपाखाली असावेत.

महोदय,

अर्जदार बाई आपल्याच कार्यालयाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देते. आपली गाडी रोज माझ्या टेबलाला धूळ चारून आत जाते, तेव्हा आपण मला ओळखत नसलात तरी माझे अक्षर ओळखत असाल. 'कृपाळू होऊन', 'सहानुभूतीपूर्वक' आणि 'आपले उपकार जन्मभर विसरणार नाही' हे शब्द मी आजवर दुसऱ्यांसाठी इतके लिहिले आहेत की स्वतःच्या अर्जाची वेळ आली तेव्हा साठा संपलेला निघाला. तरी या अर्जात नम्रता कमी पडल्यास ती आधीच्या अर्जांतून उसनी घ्यावी.

हा अर्ज खरे तर माझ्या यजमानांनी करायला हवा होता, कारण वडील त्यांचे आहेत. पण यजमान आपल्याच कार्यालयात आवक विभागात कारकून आहेत. "साहेबांविरुद्ध मी कसा लिहू? तूच लिही, तुझा तर धंदाच आहे," असे म्हणून ते मोकळे झाले. या अर्जावर आवकचा शिक्का त्यांनाच मारायचा आहे. शिक्का वाकडा उमटल्यास तो भीतीने उमटला असे समजावे.

१. प्रथम माणसाची ओळख करून देते, कारण आपल्या दोन्ही पत्रांत भोंगा आहे, परिसर आहे, आवाजाची पातळी आहे, माणूस कुठेच नाही. माझे सासरे, ज्यांना आम्ही घरात मामंजी म्हणतो, त्या कारखान्यात बॉयलरवर होते. दोरा रंगवायला वाफ लागे, वाफेला आग लागे आणि आग सांभाळायला मामंजी. सकाळचा भोंगा झाला की घरातून निघायचे आणि संध्याकाळचा झाला की परतायचे, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. आता वय झाले. डॉक्टर म्हणतात विस्मरणाचा आजार आहे. मला विचाराल तर हे विस्मरण फार निवडक आहे. माझे नाव ते विसरले; माझ्या हातून आमटीत मीठ जास्त पडते हे विसरले नाहीत. कारखाना बंद झाला हे विसरले, कारखान्याची वेळ विसरले नाहीत. त्यामुळे सकाळचा भोंगा झाला की ते पायांत चपला सरकवतात आणि कामावर जातात. दाराला कडी लावून पाहिली. त्या दिवशी त्यांनी दार असे बडवले की शेजारणी जमल्या आणि मला काय काय म्हणाल्या ते या अर्जात लिहिण्यासारखे नाही.

२. आता इमारतीकडे वळते. आपल्या 'वारसा अनुभव केंद्रा'च्या दारात काचेची पाटी आहे. तीवर लिहिले आहे की, येथे पूर्वी दोऱ्याचा कारखाना होता आणि आज येथे वारसा अनुभव केंद्र आहे. झाला इतिहास. म्हणजे कारखाना गेला आणि ती इमारत डोळे मिटून आपली वाट पाहत उभी राहिली, असा वाचणाऱ्याचा समज व्हावा. उचलली जीभ लावली टाळ्याला. ज्याने ही पाटी लिहिली त्याने आमच्या गल्लीत येऊन कोणत्याही म्हातारीला विचारले असते तरी चार ओळी जास्त मिळाल्या असत्या. त्या मी देते. मोबदला नको.

३. कारखाना बंद कसा झाला तेही पाटीवर नाही. त्या दिवशी सकाळचा भोंगा झाला, माणसे आत गेली. दुपारी मालकांची मोटार बाहेर पडली, तिच्या मागून मॅनेजर गेला. भोंग्याची साखळी मामंजींच्या हाताशी असे, पण ती ओढायला हुकूम मॅनेजरचा लागे. संध्याकाळ झाली, हुकूम आला नाही, भोंगा झाला नाही. माणसे खाली मान घालून एकेक करत निघून गेली. बॉयलरवरच्या माणसाला तसे जाता येत नाही. बदलीचा माणूस येऊन 'बघतो मी' म्हणेपर्यंत पेटती आग सोडून उठायचे नाही, हा तिथला नियम होता आणि तो कागदावर लिहिलेला नसल्यामुळे सगळे पाळत असत. बदलीचा माणूस आला नाही. मामंजी आग विझेपर्यंत बसले, मग राख काढली, जमीन झाडली आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर घरी आले. सासूबाई तोवर दारात उभ्या होत्या. कारखाना बंद झाला हे त्यांना इतरांसारखेच कळले. सांगितले मात्र कोणी नाही, मालकाने नाही, मॅनेजरने नाही आणि त्यानंतर आलेल्या कोणत्याही शहाण्याने नाही.

४. पुढे एका बटाट्याच्या व्यापाऱ्याने ती जागा घेतली. रंगखात्याचे शीतगृह केले आणि पोती रचली. हा गृहस्थ स्वतःच्या मुलीच्या लग्नातही बटाट्याचेच भाव बोलत होता असे ऐकिवात आहे. जागा घेतली त्या दिवशी त्याला फाटकाशी मामंजी उभे दिसले. हा माणूस काढला तरी येणार, मग ठेवूनच घेऊ, असा हिशेब करून त्याने त्यांना रखवालदार केले. वाफ नव्हती म्हणून भोंगा विजेचा बसवला आणि 'दोन्ही वेळेला वाजवत जा' म्हणाला. हमालांना वेळ कळावी हा त्याचा स्वार्थ. पण वाजवला दोन्ही वेळेला.

मग ती जागा सरकारने भाड्याने घेतली आणि तिच्यात आपल्याच खात्याचे जुने कागद भरले. ते कागद वाळवीने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. आपल्या खात्यात इतक्या मन लावून फाईल वाचल्याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. त्या काळातही भोंगा दोन्ही वेळेला होई. आतला कारकून सकाळच्या भोंग्यानंतर पुष्कळ उशिरा येई आणि संध्याकाळच्या भोंग्याआधी पुष्कळ लवकर जाई, तो भाग वेगळा.

त्यानंतर तिथे लग्नाचा हॉल झाला. चिमणीला खालपासून वरपर्यंत रंगीत दिव्यांच्या माळा सोडल्या, त्यामुळे ती आजारी माणसाला नटवून बसवावे तशी दिसू लागली. हॉलचा मालक पांढरे बूट घालून फिरे आणि पाहुण्यांना सांगे की, ही इमारत एका राजाची होती. राजाला चिमणी कशाला हवी होती हे त्याला कोणी विचारले नाही. संध्याकाळचा भोंगा नेमका फोटो काढायच्या वेळेला होई आणि फोटोत सगळ्या वऱ्हाडाचे हात कानावर येत. मालकाने मामंजींच्या पाया पडून पाहिले, त्यांना दम देऊनही पाहिला. 'बटाट्याच्या शेटनी दोन्ही वेळेला सांगितलंय' एवढेच उत्तर मिळाले. शेवटी त्याने फोटोची वेळ बदलली.

लग्ने आटपल्यावर शिकवणीचे वर्ग आले. मधोमध पत्र्याच्या भिंती घातल्या, दोऱ्याच्या कारखान्याच्या एका खात्यात सोळा वर्ग कोंबले आणि पहिल्या आलेल्या मुलांची तोंडे फलकावर दरवाजाएवढी रंगवली. वर्गाच्या संचालकाला सगळ्या प्रश्नांची उत्तरे येत, म्हणून तो कधी काही विचारत नसे. मामंजी तोवर थकले होते, कामावरून घरी बसले होते. संचालकाने भोंग्याला घड्याळ जोडून दिले. सकाळी आपोआप वाजे, संध्याकाळी आपोआप वाजे. मामंजींचे विस्मरण याच काळात सुरू झाले. सकाळी भोंगा झाला की ते जाऊन फाटकाशी बसत, पालक मंडळी त्यांना कोणाचे तरी आजोबा समजत आणि संध्याकाळचा भोंगा झाला की ते आपले आपण उठून घरी येत. जेवत आणि झोपत. घरात कोणालाही त्रास नव्हता.

महोदय, यातला एकही माणूस मला देवघरात ठेवायच्या लायकीचा वाटलेला नाही. बटाटेवाला कंजूष होता, हॉलवाला खोटारडा होता, वर्गवाला गर्विष्ठ होता आणि कागदवाले आपले सहकारी होते. परंतु सकाळी वाजवलेला भोंगा संध्याकाळीही वाजवायचा असतो, एवढी अक्कल त्यांच्यातल्या प्रत्येकाला होती.

५. मग आपण आलात. आपण त्या इमारतीला वारसा म्हणून घोषित केले, पत्र्याच्या भिंती काढल्या, विटा घासून लाल केल्या आणि बॉयलरच्या खोलीत कॉफीचे दुकान घातले. त्या दुकानात कॉफी मोठ्या कपात थोडीशी देतात. बॉयलरला काळा रंग दिला, कड्यांना सोनेरी दिला. भट्टीच्या तोंडात एक तांबडा दिवा बसवला, जो आगीसारखा लुकलुकतो. हा दिवा बंद होत नाही. केंद्र बंद झाले तरी चालू राहतो, कारण त्याचे बटण दुकानाच्या फळीमागे गेले आणि फळी काढायला वेगळी मंजुरी लागते, असे केंद्राच्या व्यवस्थापकांनी मला सांगितले. ते गळ्यात ओळखपत्र घालून फिरतात. आपण कोण आहोत याची त्यांना वारंवार खात्री करून घ्यावी लागत असावी.

मामंजी एका सकाळी भोंगा ऐकून गेले, आणि इतक्या वर्षांनी त्यांना बॉयलरच्या खोलीचे दार उघडे दिसले. आत आग दिसली. ते आत जाऊन खुर्ची ओढून आगीसमोर बसले.

६. यापुढचे आपल्याला ठाऊक आहे, कारण आपण तिथे होतात. उद्घाटनाच्या दिवशी आपण पाहुण्यांना घेऊन बॉयलरच्या खोलीत आलात. मामंजी उभे राहिले. आपल्यासमोर हात बांधून म्हणाले, "साहेब, दाब बरोबर आहे." पाहुणे हसले, फोटो निघाले. आपण मामंजींच्या खांद्यावर थाप मारून म्हणालात, "वा! चालू द्या, चालू द्या." आणि कॉफी प्यायला गेलात.

आपण हे दोन शब्द दिवसातून किती जणांना म्हणत असाल याची मला कल्पना आहे. माझ्या टेबलाशी बसलेल्या कित्येकांना आपण जाता जाता ते म्हटले आहेत, आणि कोणाचेही काही चालू झालेले नाही. पण मामंजी असे शब्द वाऱ्यावर सोडणारे नव्हेत. कारखाना बंद पडल्यापासून त्यांना साहेब म्हणावा असा माणूस प्रथमच समोर आला, आणि त्याने आग चालू ठेवायला सांगितले. हुकूम मिळाला. आता पुढचा हुकूम येईपर्यंत ते उठत नाहीत.

७. भोंगा असता तर एवढ्यावरही निभावले असते. साहेबांच्या हुकमाइतकाच ते भोंग्याचाही मान ठेवतात. पण त्याच आठवड्यात आपली दोन पत्रे निघाली. सकाळचा भोंगा 'पर्यटकांस मूळ औद्योगिक जीवनाचा अनुभव मिळावा म्हणून' मंजूर. संध्याकाळचा भोंगा 'केंद्रातील सायंकालीन मौनवर्गास बाधा येत असल्याने' नामंजूर. म्हणजे कामगाराने कामावर जावे हा वारसा, आणि त्याने घरी यावे हा गोंगाट. मौनवर्गाला येणारी मंडळी एरवी दिवसभर बोलून दमलेली असतात, त्यांना तासभर गप्प बसण्यासाठी पैसे भरावे लागतात. त्यांच्या मौनासाठी आमचे घर रोज संध्याकाळी बोंबलत असते.

मी याबाबत अर्ज केला की, वाजवायचा तर दोन्ही वेळेला वाजवा, नाहीतर एकदाही वाजवू नका. उत्तर आले की, सकाळचा विषय वारसा शाखेचा व संध्याकाळचा विषय ध्वनी शाखेचा असल्याने दोन्हींचा एकत्र विचार करता येत नाही. दोन्ही शाखांचे प्रमुख आपणच आहात. आपली आपल्याशी गाठ पडत नसल्यास तसे कळवावे, मी निरोप पोचवीन.

८. रोज संध्याकाळी काय होते ते आता लिहिते. केंद्र बंद करायची वेळ होते. मामंजी उठत नाहीत. दोन रखवालदार त्यांना खुर्चीसकट उचलून बाहेर आणतात. मामंजी ओरडतात की, आग पेटती आहे, टाकी फुटेल, माणसे मरतील. ते खोटे ओरडत नाहीत, त्यांना तसे दिसत असते. पेटत्या बॉयलरवरून ओढून नेल्यावर माणूस जसा झगडेल तसे ते झगडतात. मागच्या आठवड्यात त्या झगड्यात ते पायरीवर पडले आणि त्यांचे मनगट मोडले. प्लास्टर घातलेल्या हाताने दुसऱ्या सकाळी पुन्हा कामावर हजर.

आम्ही उपाय करून पाहिले नाहीत असे आपण म्हणाल म्हणून तेही नोंदवते. यजमानांनी मोबाईलवर भोंग्याचा आवाज भरून आणला आणि त्यांच्या कानाशी वाजवला. मामंजी म्हणाले, "ही पिपाणी बंद कर, काम चालू आहे." मग मी यजमानांना बदलीचा माणूस म्हणून पाठवले. शिकवल्याप्रमाणे ते 'बघतो मी' म्हणाले. मामंजींनी मुलाला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि म्हणाले, "तुला घरातला गॅस पेटवता येत नाही. चल हो बाजूला." या मुद्द्यावर मला मामंजींशी वाद घालता आला नाही. शेवटी मी गेले. मी म्हणाले, मामंजी, सुट्टी झाली, घरी चला. ते माझ्याशी फार समजुतीने बोलले. म्हणाले, "बाई, तू कोण ते मला ठाऊक नाही, पण घरी माझी सून आहे, तिला सांग की साहेब आल्याशिवाय मला निघता येत नाही. तिला म्हणावं, जेवून घे, थांबू नकोस."

मामंजींनी आजवर माझ्या जेवणाची चौकशी केलेली नव्हती. मी घरी आले आणि मला जेवण गेले नाही.

९. काल केंद्राच्या व्यवस्थापकांचे पत्र आले. 'सदर वृद्ध इसम वेळेनंतर जागा सोडत नसल्याने, यापुढे असे घडल्यास त्यांस बेवारस समजून निवारागृहाच्या ताब्यात देण्यात येईल.' ज्या पत्रकावर मामंजींचा फोटो छापून खाली 'मूळ कामगार' असे लिहिले आहे, त्याच पत्रकाच्या कोऱ्या बाजूला हे पत्र लिहिलेले आहे. कागद वाचवला असावा. फोटो आहे तोवर वारसा, आणि माणूस खुर्चीत बसून राहिला की बेवारस. महोदय, त्यांना सून आहे, मुलगा आहे, घर आहे आणि रात्री वाट पाहून उघडे ठेवलेले दार आहे. निवारागृहात त्यांना नेले तर तिथे भोंगा नाही, आग नाही आणि साहेबही नाही. हुकूम अर्धवट ठेवून आपल्याला पळवून आणले आहे असे समजून तो माणूस तिथे झुरून मरेल. हे मी अतिशयोक्तीने लिहीत नाही. अतिशयोक्ती मी गिऱ्हाइकांच्या अर्जात करते.

१०. आपण दिलेला तोंडी आदेश मागे घ्यावा अशी विनंती मी मागील अर्जात केली होती. त्यावर आपल्या कार्यालयाचे उत्तर आले की, 'असा कोणताही आदेश अभिलेखात आढळून येत नाही, सबब तो मागे घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही.' आपल्या कार्यालयात जे लिहिलेले असते ते कोणी पाळत नाही. मामंजींना जे नुसते बोलले गेले ते त्यांनी पाळले. ही अडचण दोन वेगळ्या जातीच्या माणसांची आहे आणि ती पत्रव्यवहाराने सुटणारी नाही, हे मला फाटकाबाहेर बसूनही कळते.

११. तरी आता मी भोंगा मागत नाही. भोंगा, मौनवर्ग, दोन्ही शाखा आणि फळीमागचे बटण आपल्यालाच लखलाभ होवोत. माझी विनंती एवढीच आहे की, आपण एका संध्याकाळी, केंद्र बंद होण्याच्या सुमारास, बॉयलरच्या खोलीत यावे. पाहुणे आणू नयेत, फोटोवाला आणू नये. मामंजी उभे राहतील आणि दाब बरोबर आहे म्हणून सांगतील. ते आपण ऐकून घ्यावे. मग त्यांना म्हणावे, 'आग उतरवा. कारखाना बंद झाला. तुमचे काम चोख होते. आता घरी जा.' एवढी चार वाक्ये आहेत. लागल्यास मी लिहून देईन, आपण वाचून दाखवावीत. आपल्याला लिहिलेले वाचायची सवय आहे. हे सांगायला त्या कारखान्याचा मालक आला नाही आणि मॅनेजर आला नाही. त्यांचे राहिलेले काम आपल्याकडे आले आहे, कारण इमारत आपण घेतलीत.

येताना उद्घाटनाच्या दिवशीचा करडा कोट घालावा. आपल्याला वेळ नसल्यास, आणि तो नसेलच, आपल्या शिपायाला तो कोट घालून पाठवावे. मामंजी चेहरा विसरतात, त्यांना कोट ओळखू येतो. शिपाई चार वाक्ये नीट म्हणेल, तो माझ्या ओळखीचा आहे. मामंजी त्याला साहेब म्हणून नमस्कार करतील आणि घरी येतील. आमच्या घरापुरता तोच साहेब.

कळावे, आणि एकदा तरी कळून घ्यावे.

अर्जापुरती नम्र,
फाटकाबाहेरची अर्ज लिहिणारी बाई,
बॉयलरवाल्यांची सून

(सही)

दिनांक : यजमानांच्या हातून शिक्का पडेल तो.

सोबत : १) आपली दोन्ही पत्रे. २) व्यवस्थापकांचे पत्र, ते दोन्ही बाजूंनी पाहावे. ३) मोडलेल्या मनगटाचा डॉक्टरांचा दाखला. ४) चार वाक्यांचा कागद, मोठ्या अक्षरात.